खानदेशातील घराचे इंटिरिअर : सुरुवात उन्हापासून करावी

खानदेशात घराच्या अंतर्गत सजावटीचा विषय निघाला की बहुतेक कुटुंबे पहिला प्रश्न टीव्ही युनिटचा किंवा पीओपीच्या नक्षीचा विचारतात. इंटिरिअर डिझायनर म्हणून जळगाव आणि धुळे परिसरात काम करताना माझे मत असे बनले आहे की, या भागात पहिला प्रश्न उन्हाचा असावा, दुसरा साठवणीचा असावा आणि सोफ्याचा प्रश्न त्यांच्या बराच मागून यावा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हे येथील कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र घराचा आराखडा करताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. ज्या घरात दुपारी दोन वाजता बसवत नाही आणि रात्री अकरा वाजता झोप लागत नाही, त्या घरातील संगमरवराचे कौतुक वास्तुशांतीच्या पंगतीपुरतेच उरते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः घर बांधणाऱ्या किंवा जुने घर नव्याने सजवणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. अखेरचा भाग या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

जागा पाहण्याची वेळ

डिझायनरला घर दाखवण्यासाठी सकाळची वेळ सोयीची वाटते. परंतु शक्य असल्यास पहिली भेट दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावी. कोणत्या भिंतीला हात लावला असता चटका बसतो, कोणत्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत येते आणि घरातील माणसे त्या वेळी कोणत्या खोलीत सरकून बसलेली असतात, हे याच वेळी दिसते. घरातील ज्येष्ठ स्त्री दुपारी जेथे अंग टाकते, ती बहुधा घरातील सर्वांत थंड जागा असते, आणि ती जागा कपाट लावून अडवू नये.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तिन्ही शहरे साधारणपणे 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो आणि घराचा सर्वाधिक तापणारा भाग म्हणजे छत ठरते. दक्षिणेच्या खिडकीची या भागात विनाकारण धास्ती घेतली जाते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो. म्हणून चार फूट उंचीच्या दक्षिण खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मे महिन्यात दुपारचे ऊन आत येत नाही आणि थंडीत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ते आत येऊन खोली उबदार करते. खरी अडचण पश्चिमेची आहे. उतरता सूर्य तिरपा येत असल्यामुळे तेथे छज्जा फारसा उपयोगी पडत नाही, आणि उन्हाळ्यात तो पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे मावळत असल्याने उत्तरेची भिंतसुद्धा संध्याकाळी तापते. पश्चिमेच्या बाजूला जिना, स्नानगृह, कोठीची खोली किंवा भिंतभर कपाटे घ्यावीत. खिडकी घ्यावीच लागली तर ती अरुंद व उभी घ्यावी आणि तिच्या बाहेरच्या बाजूला विटांची जाळी, बांबूची चिक किंवा उभ्या पट्ट्या बसवाव्यात. पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे उष्णता घरात शिरल्यानंतर तो तिला अडवतो. अडवणूक काचेच्या बाहेर झाली तरच तिचा उपयोग होतो.

छताचा बंदोबस्त

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी पाटईवर मातीचा जाड थर असे आणि भिंतीही जाड असत, म्हणून ती घरे दुपारी सुसह्य राहत. आजचा आरसीसी स्लॅब पाच इंचांच्या आसपास असतो. तो दिवसभर उष्णता शोषतो आणि सूर्य मावळल्यावर ती खाली खोलीत सोडत राहतो; वरच्या मजल्यावरील शयनगृह मध्यरात्रीपर्यंत धगधगते ते यामुळेच. यावर खोलीच्या आतून करण्याचे उपाय दुय्यम आहेत. पीओपीच्या छतामुळे मधल्या हवेचा थोडा आडोसा मिळतो, त्यात काचलोकरीचा थर टाकल्यास अधिक फरक पडतो. तथापि स्लॅब तापतच राहतो आणि दहा फुटांची खोली सव्वानऊ फुटांची होते, हा तोटा वेगळाच. पैसे मर्यादित असतील तर ते आतल्या नक्षीवर घालण्याऐवजी गच्चीवर घालावेत.

गच्चीसाठी सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे पांढऱ्या चिनी तुकड्यांचा थर, ज्याला आपल्याकडील मिस्त्री चायना मोझॅक म्हणतात. पुण्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत काम केलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या सुमारास उभारलेल्या त्यांच्या ‘संगत’ या कार्यालयाची कमानदार छते अशाच पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेली आहेत. त्यांना 2018 मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. अहमदाबादचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यापेक्षा फार वेगळा नाही, त्यामुळे हे उदाहरण परदेशी मासिकांतील घरांपेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहे. टाइल्सच्या दुकानात फुटक्या पांढऱ्या फरशा स्वस्तात मिळतात. वॉटरप्रूफिंग पूर्ण करून, पाणी तुंबून राहणार नाही इतका उतार देऊन त्या बसवाव्यात. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी दरवर्षी शिमग्यानंतर गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. बाजारातील उष्णतारोधक पांढरे रंगही चांगले काम करतात, परंतु त्यांवर धूळ बसली की परिणाम घटतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. मार्च आणि मे यांच्या दरम्यान ते एकदा धुऊन घ्यावेत. ज्या घरांत गच्चीवर पापड, कुरडया आणि बिबड्या वाळत घातल्या जातात, तेथे सततच्या वावराने रंग झिजतो, म्हणून अशा घरांना मी तुकड्यांचा थरच सुचवते. शेजाऱ्याची वरची खिडकी अगदी लागून असेल तर पांढऱ्या गच्चीची तिरीप त्यांच्या डोळ्यांवर जाते. तेथे कडेला वेलीचा मांडव करावा.

गच्चीवर नळ, एक दिवा आणि एक प्लग पॉइंट आधीच काढून ठेवावा. वाळवणाचे काम आणि उन्हाळ्यातील रात्रीची झोप या दोन्ही गोष्टी खानदेशात गच्चीवर होतात, आणि जळगावच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या प्लास्टिकच्या चटया ठेवायला जिन्याच्या माथ्यावर एक कोरडा कोनाडा असला तर त्या रोज वर-खाली न्याव्या लागत नाहीत.

कूलरला जागा द्यावी

आराखड्यात एसीची जागा दाखवली जाते. कूलर मात्र नंतर, जेथे वायर पोहोचेल तेथे उभा केला जातो. खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, मात्र त्याच्या दोन अटी आहेत. त्याची पाठ बाहेरच्या हवेला असली पाहिजे, आणि खोलीत आलेली हवा बाहेर जाण्यासाठी समोरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका उघडा असला पाहिजे. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होते आणि कपाटांची दारे फुगून घासू लागतात. म्हणून कूलरची खिडकी आराखड्यातच ठरवावी, बाहेर लोखंडी स्टँड बसवून घ्यावा, अर्ध्या इंचाची पाण्याची लाइन आणि कॉक तेथपर्यंत न्यावा आणि सांडणारे पाणी भिंतीवर ओघळू न देता कुंड्यांकडे वळवावे. एसी बसवायचा असल्यास त्याला मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची वायर टाकावी, आणि संपूर्ण घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्यावा. कूलरच्या ओल्या पत्र्याशी मुलांचा रोजचा संबंध येतो.

स्वयंपाकघर

घरातील सर्वाधिक विचार या खोलीचा व्हावा असे मला वाटते, आणि प्रत्यक्षात ही खोली सर्वांत कमी वेळात कॅटलॉगवरून उरकली जाते. ओट्याची उंची सगळीकडे एकच देण्याची पद्धत चुकीची आहे. जी व्यक्ती सर्वाधिक वेळ उभी राहणार तिला अनवाणी उभे करावे, कोपर काटकोनात वाकवायला सांगावे, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी आणि तीतून चार ते सहा इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या स्त्रीसाठी हे माप सहसा 32 ते 34 इंच येते. परंतु हे माप भाजी चिरण्यासाठी आहे. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापताना ओट्यावर परात येते, तिच्या काठाची उंची वाढते, आणि थापणारी वरून खाली जोर देत असल्यामुळे तिचे खांदे वर चढतात. दहा-बारा भाकरी झाल्या की मानेमागची शीर धरते. शेगडीचेही तसेच आहे, कारण शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते. यावर साधा उपाय असा की ओट्याचा शेगडीकडील तीन-साडेतीन फुटांचा भाग चार इंचांनी खाली घ्यावा आणि भाकरी त्याच भागावर थापावी. ग्रॅनाइटला एक जोड वाढतो, गवंडी कुरकुर करतो, पण पुढे रोज दोन वेळ स्वयंपाक करणाऱ्या बाईचे दुखणे टळते.

दुसरी गोष्ट धुराची. वांग्याचे भरीत, मिरच्यांचा ठेचा आणि काळ्या मसाल्याची फोडणी ज्या घरात होते, तेथे खुल्या स्वयंपाकघराचा मोह आवरावा. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये निदान सरकते काचेचे दार असावे. चिमणीचा पाइप शक्य तितका आखूड आणि दोनपेक्षा अधिक वळणे नसलेला असावा. नाहीतर चिमणी केवळ आवाज करते. स्वतंत्र घर असेल तर मागच्या अंगणात पत्र्याखाली एक जागा राखावी, जेथे वांगी भाजता येतील, बडगीत भरीत ठेचता येईल आणि सणाला चूल मांडता येईल. खापरावरचे मांडे करणारी बाई दोन्ही हात पसरून हातावर मांडा वाढवते आणि मग तो खापरावर टाकते. तिला हातांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, आणि चूल भिंतीपासून दोन फूट पुढे असावी लागते. ही जागा पाच फूट रुंदीपेक्षा कमी असेल तर तिचा उपयोग पुढे केवळ गॅसच्या रिकाम्या टाक्या ठेवण्यासाठी होतो.

साठवणीच्या बाबतीत शहरी मॉड्युलर किचनचे माप आपल्याला पुरत नाही, कारण ते आठवड्याच्या किराण्यासाठी आखलेले असते. येथे अनेक घरांत वर्षभराचे गहू, दादर आणि डाळी भरल्या जातात. कोठ्यांसाठी स्वयंपाकघराला लागून, उत्तर किंवा पूर्व बाजूला, हवेशीर खोली किंवा निदान चार फूट रुंद कोनाडा ठेवावा. कोठी भिंतीला टेकवू नये आणि जमिनीपासून चार इंच उंच कट्ट्यावर ठेवावी. स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर तळणाचे तेल किंवा लोणचे ठेवू नये, कारण उन्हाळ्यात तेथेच सर्वाधिक उष्णता साचते आणि तेल खवट होते. तेथे सणाची भांडी ठेवावीत.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे जमिनीखालील टाकीचे झाकण आणि मोटारीची जागा फर्निचरखाली जाणार नाही याची खात्री करावी. बोअरचे पाणी जड असल्यास काळे मॅट नळ आणि काचेचे शॉवर पार्टिशन घेऊ नये. पांढरे डाग पुसण्यातच वेळ जातो.

बैठकीची खोली आणि पाहुणे

खानदेशातील दिवाणखाना वर्षातील काही दिवस मंगल कार्यालयाचे काम करतो. श्रावणात कानबाईची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येतात, रोटांचा स्वयंपाक होतो आणि रात्रभर घरात वावर असतो. घरात कानबाई बसत असेल तर चौरंग कोणत्या भिंतीला मांडला जातो हे आधी विचारावे आणि ती भिंत मोकळी ठेवावी. तेथे जड टीव्ही युनिट ठोकून बसवले की दरवर्षी देवीला कोपऱ्यात जावे लागते. सोफा जड आणि स्थिर घेण्यापेक्षा उचलता येणाऱ्या बैठका, एक दिवाण आणि जाड सतरंजी हा अधिक समंजस पर्याय ठरतो. पाहुण्यांच्या गाद्यांसाठी पलंगाखालील पेटी हायड्रॉलिक घ्यावी, म्हणजे एकटी व्यक्तीही ती उघडू शकते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोका बांधण्याची हौस असल्यास स्लॅब टाकण्यापूर्वीच बीममध्ये कड्या सोडाव्यात; नंतर ड्रिल करून बसवलेल्या कडीवर मी विश्वास ठेवत नाही.

लाकूड, प्लाय आणि हंगाम

प्लायवूडचा पूर्ण पत्रा 8 बाय 4 फुटांचा असतो आणि कपाटासाठी 18 मिलिमीटरची जाडी पुरेशी आहे. सिंकखाली आणि स्नानगृहाला लागून आयएस 710 चा शिक्का असलेला, पाण्यात टिकणारा प्लाय वापरावा, इतरत्र साध्या वापराचा आयएस 303 चालतो. एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला) पाण्याजवळ अजिबात थारा देऊ नये. वाळवीचा त्रास असलेल्या वस्तीत कपाट थेट जमिनीवर न टेकवता ग्रॅनाइटच्या तीन-चार इंची पट्टीवर बसवावे. जुने वाडे उतरवले जात असताना निघणारे सागवान आजही उत्तम मिळते. ते घेताना प्रत्येक तुळईतील खिळे काढून आणि लोहचुंबक फिरवून पाहावे, कारण एक राहिलेला खिळा सॉ मिलमधील पाते तोडतो आणि मग तो मालक तुमचे लाकूड पुन्हा घेत नाही.

काळ्या मातीत पाया असलेल्या घरांच्या भिंतींना पावसाळा-उन्हाळ्याच्या फेऱ्यात बारीक भेगा पडतात. भेग वाढते आहे का, हे अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्यावर वॉलपेपर किंवा टाइल्स लावू नयेत. लाकडाला पॉलिश पावसाळ्यात करू नये, दमट हवेने त्यावर पांढरट झाक येते. प्लास्टर आणि फरशीचे काम मे महिन्यात करावेच लागले तर पाणी मारण्यासाठी वेगळा माणूस ठेवावा.

हिशेब

सुतारकामाचा दर बहुधा समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ठरतो. सात बाय सात फुटांचे कपाट म्हणजे 49 चौरस फूट. पण त्यात आतील लॅमिनेट, ड्रॉवर, कुलूप, हँडल आणि वरचा माळा येतो की नाही, हे लिहून घेतले नाही तर वाद याच ठिकाणी होतो. मजुरीचा दर आणि मटेरियलसह दर यांची तुलना करताना प्लायचा आयएस क्रमांक व बिजागरीचा प्रकार कोटेशनमध्ये असावा. शेतकरी कुटुंबांचा पैसा कापूस किंवा केळी विकल्यावर हातात येतो, म्हणून हप्ते महिन्यांनुसार न ठरवता कामाच्या टप्प्यांनुसार ठरवावेत, आणि शेवटचा दहावा हिस्सा सर्व दारे, ड्रॉवर आणि नळ स्वतः वापरून पाहिल्यावरच द्यावा.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

बारावीनंतर या क्षेत्राचे दोन मार्ग आहेत. आर्किटेक्चरची पदवी घ्यायची असेल तर नाटा ही परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो; डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड किंवा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा असते. राज्यात इंटिरिअर डिझाइनची पदविकाही उपलब्ध आहे, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर तीही कमी लेखण्याचे कारण नाही. एक कायदेशीर फरक मात्र लक्षात ठेवावा. 1972 च्या कायद्यानुसार आर्किटेक्ट ही उपाधी केवळ नोंदणीकृत व्यक्तीच लावू शकते. इंटिरिअर डिझायनरसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. म्हणूनच जबाबदारी वाढते. भिंत पाडायची का, बीमला भोक पाडायचे का, हे निर्णय स्ट्रक्चरल अभियंत्याच्या सहीशिवाय घेऊ नयेत.

पदवीनंतरची पहिली दोन वर्षे सुताराजवळ बसण्यात घालवावीत, असे मी प्रत्येकाला सांगते. राजस्थानातून आलेले आणि स्थानिक असे दोन्ही प्रकारचे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांच्या हातात तुमचे ड्रॉइंग गेल्यावर ते कोणते प्रश्न विचारतात, त्यावरून ड्रॉइंगमध्ये काय राहिले हे कळते. संगणकावरील चित्र गिऱ्हाइकाला पटते, पण काम मिलिमीटरमधील मापांच्या कागदावरून होते.

प्रेरणेसाठी मोबाइलवरील परदेशी घरांकडे पाहण्यास हरकत नाही, मात्र ती बहुधा थंड प्रदेशांतील असतात आणि ऊन आत घेण्यासाठी रचलेली असतात. आपल्याला ऊन बाहेर ठेवणाऱ्यांकडून शिकायचे आहे. केरळात विटांच्या जाळ्यांतून वारा खेळवणारे लॉरी बेकर, अहमदाबादेतील, आता पाडल्या गेलेल्या ट्यूब हाउसमध्ये गरम हवा उतरत्या छताच्या माथ्यावरून बाहेर काढणारे चार्ल्स कोरिया आणि वर उल्लेखलेले दोशी यांची कामे प्रत्यक्ष पाहावीत किंवा निदान त्यांचे छेद-नकाशे वहीत उतरवून काढावेत. घराजवळही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. थाळनेरची फारुकी सुलतानांची थडगी भर उन्हात पाहावीत आणि आत शिरताच तापमानात पडणारा फरक अंगावर घ्यावा. चाळीसगावात छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांचे घर कलादालन म्हणून पाहता येते. चोपडा, पारोळा, अमळनेर या गावांतील उरलेले वाडे आणि धाब्याची घरे टेप घेऊन मोजावीत. भिंतीची जाडी, चौकाची रुंदी, खिडकीची जमिनीपासूनची उंची वहीत लिहावी. हे वाडे वेगाने कमी होत आहेत, म्हणून ते काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.

मेहनताना ठरवण्याच्या तीन पद्धती चालतात : एकूण खर्चाची टक्केवारी, चौरस फुटाचा दर किंवा ठोक रक्कम. टक्केवारीत खर्च वाढवण्याचा मोह असतो, म्हणून लहान घरांसाठी मी ठोक रक्कम पसंत करते. लॅमिनेट आणि टाइल्सची काही दुकाने डिझायनरला कमिशन देऊ करतात. ते गिऱ्हाइकापासून लपवून घेतल्याने अनेकांचे नाव खराब झालेले मी पाहिले आहे. लहान शहरात दुकानदार, सुतार आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या लग्नाला जातात, त्यामुळे काहीच लपून राहत नाही. मिळणारी सवलत थेट बिलात उतरवून घ्यावी आणि आपला मेहनताना स्पष्ट सांगावा. तसेच प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर टेप धरून वायर आणि पाइपांची छायाचित्रे काढावीत, ती खोलीनिहाय लावून काम सोपवताना कुटुंबाला द्यावीत, म्हणजे पुढे खिळा ठोकण्यापूर्वी त्यांना तुम्हाला फोन करावा लागणार नाही.